बारका सी

ऑगस्टात पोरं येतात नव्वद,
सप्टेंबरला उरतात त्रेपन्न.
मधल्या सदतिसांची नावं
मीच शिवते, मीच उसवते.
बफेलोत, मैदानाच्या पोटातली खोली.
खिडकी नाही. इस्त्रीची वाफ आहे,
आणि आईने पोलंडहून आणलेली कात्री,
जिला मी कुणाला हात लावू देत नाही.

अर्डेल मॅकलेंडन स्वतः आला विचारायला.
"बाई, सी बारका काढाल ना?
कॉलेजात चार वर्षं मोठाच होता."
निवडीच्या दिवशी त्याचं नाव कुणी पुकारलं नव्हतं,
आणि या बाबाला काळजी एका अक्षराची!
म्हटलं, आधी टिकून तर दाखव.

टिकला. म्हणजे सरावाच्या तुकडीत टिकला.
तिथे आठवडाभर पुढच्या रविवारच्या शत्रूची नक्कल करायची
आणि रविवारी कोट घालून कडेला उभं राहायचं.
दोन वर्षं.
हात मात्र असे, की बॉल आल्याचा आवाज व्हायचा नाही.
कुठून आणलेस रे?
तर म्हणाला, जॉर्जियात, कलिंगडाच्या शेतात.
मामा खालून फेकायचा, मी ट्रकवर.
फुटलं की मजुरीतून कापायचे.
"कलिंगड अडवायचं नसतं, बाई.
ते निघालंय तिकडे
थोडं त्याच्यासोबत जायचं असतं."

डिसेंबरात पहिल्या फळीतल्या एकाचा गुडघा गेला.
रात्री दहाला मला फोन.
सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
आठ अक्षरं, खांद्याच्या वळणावर, दुहेरी टीप.
सी बारका.
दुसऱ्या दिवशी तो चौदा यार्ड नाकासमोर पळाला,
अंगावरचा गडी घाबरून पाठ फिरवेपर्यंत,
आणि गपकन वळून दोन यार्ड मागे आला.
बॉल तिथेच होता.
या पळण्याला ते कमबॅक म्हणतात.
मी टीव्हीवर शिवण बघत होते. धरून राहिली.

पुढच्या वर्षी एकेचाळीस झेल.
डाव्या हाताची करंगळी बाहेर वळली ती वळलीच.
मग जानेवारीतला तो एक.
मोकळा होता, आसपास चिटपाखरू नाही,
बॉल छातीवर आला
आणि
मी नाही सांगणार. शहर अजून सांगतं,
न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर,
शुक्रवारच्या तळल्या मासळीबरोबर.

यादी माझ्याकडे आधी येते.
तो दाराशी उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता,
मुलीच्या पडलेल्या दाताचं काहीतरी सांगत.
यादी माझ्या ॲप्रनच्या खिशात.
शेंगा घेतल्या, ऐकत राहिले.
मग वरून एक पोरगा आला, म्हणाला,
साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन या.

नंतर तीन शहरं.
त्याने पाठ वळवली की मी खुर्चीत पुढे सरकायची.
एकाने सी मोठा काढला.
एकाने नाव इतकं वर शिवलं, की केसांखाली गेलं.
तिसऱ्याचं मला बघायलाच मिळालं नाही,
तो कोट घालून कडेला उभा होता.

इथली जर्सी सरावाला ठेवली होती.
दोरा निघतो, भोकं राहतात.
वाफ दिली, उलट्या बाजूने नख फिरवलं.
नव्या पोराचं नाव ऑट. तीनच अक्षरं.
मधोमध बसली, दोन्हीकडे भोकांची रांग.
हे काय आहे, त्याने विचारलं.
काही नाही, म्हटलं,
कापड वापरातलं आहे.