सुटण्याचं कारण

फॉर्मवर रकाना आहे : नोकरी सुटण्याचं कारण.
खाली दोन ओळींची जागा.
अकरा वर्षं भोसरीत गास्केटं मोजली मी,
व्हर्नियरवर, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत.
जागा किती आणि माल किती,
मला बघताक्षणी कळतं.

नोकरी लागते.
ठेच लागते, डोळा लागतो,
जाऊबाईंच्या भावाला एकदा लॉटरी लागली होती,
बावीसशे रुपयांची, तो अजून सांगतो.
आणि मग सुटते.
पोट सुटतं तशी, वारा सुटतो तशी,
स्वारगेटची बस सुटते तशी,
आपण रस्त्याच्या अलीकडे, हातात सुटे पैसे धरून.

मी लिहिलं : कपात. एकशे चौदा जण. त्यात मी.
खिडकीतले तरवडे म्हणाले,
“हे तुम्ही नाही लिहायचं, मॅडम.
हे कंपनी लिहिणार. सही-शिक्का घेऊन या.”

म्हणजे परत भोसरी.
गेटवर नवनाथ. माझ्या डब्यातली लसणाची चटणी
त्यानं किती वर्षं खाल्ली, हिशेब नाही.
त्यानं माझ्याकडे न बघता रजिस्टर पुढे सरकवलं.
नाव. वेळ. कोणाला भेटायचं.
कुठून आलात, यापुढे मी लिहिलं : इथूनच.
त्यानं वाचलं.
खोडलं नाही.

एचआरची मुलगी नवी होती, पंचविशीची असेल.
शिक्का तिरका बसला, सहीवर चढला.
माझ्या टेबलावर आला असता
तर लाल टॅग लावून बाजूला ठेवला असता.
मी ‘थँक्यू’ म्हणाले.

नोटरी शिवाजीनगरला, कडुलिंबाखाली,
टेबलाच्या एका पायाखाली वीट.
टाइप करणाऱ्यानं वाचून दाखवलं :
मी, वैजयंता संपत गुंजाळ, वय त्रेचाळीस,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी सध्या बेरोजगार आहे.
“बरोबर ना, ताई?”
घरी मी सासूबाईंना सांगितलं होतं, सुट्टी आहे.
अगदीच खोटं नव्हतं ते.
सुटणं, सुट्टी, एकाच धातूची.
पण इथे तो माणूस बोटं कीबोर्डवर ठेवून थांबलेला,
मागे कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद,
आणि मला मोठ्यानं म्हणावं लागलं :
हो. बरोबर.
तोंडातून बाहेर पडलं ते असं, पहिल्यांदा,
ऐंशी रुपये देऊन.

पुन्हा बिबवेवाडी.
आता आधारवर मी गुंजाळ, विम्याच्या कार्डावर गुंजाल.
एका ळचा फरक.
तरवडे चष्मा वर करून म्हणाले, “चालणार नाही.”
मी वाद घातला नाही. टॉलरन्सच्या बाहेर आहे,
ते मलाही दिसत होतं.
ओटीपी कंपनीच्या सिमवर गेला,
ते सिम आता कुणाकडे आहे कोण जाणे.
कुणाच्या तरी खिशात माझे सहा आकडे वाजले असतील.

मिळालंच तर निम्मा पगार, तीन महिने.
आयुष्यात एकदाच, असं भिंतीवर लिहिलंय,
त्यातला ‘दा’ उडालाय, ‘एकच’ वाचलं जातं आधी.

साडेबारा झाले.
इथे भोंगा नाही, पंखा आहे, तो कुरकुरतो,
तरी बरोबर साडेबाराला पोटात कळ आली.
भूक लागली.
रांगेतल्या पुढच्या माणसानंही घड्याळ न बघता
पिशवीतून डबा काढला.
“कुठली शिफ्ट?” मी विचारलं.
“चाकण. जनरल,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “होती.”
त्याच्याकडे गवारीची भाजी, माझ्याकडे चटणी.
बाकड्यावर फायली उलट्या ठेवून
आम्ही त्यावर पोळ्या ठेवल्या.
एक तेलाचा डाग पडला माझ्या प्रतिज्ञापत्राच्या मागे,
गोल, साधारण बारा मिलिमीटरचा.
तरवड्यांनी खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी,
दोनला सुटते.