चार सेंटिमीटर

सेटिंग्ज. मग 'जोडलेली उपकरणं'.
तिथे खाली एक खटका आहे, तो उजवीकडे सरकवा.
पार्नूच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात
मी हे दिवसातून दहादा म्हणते,
कोपर काउंटरवर टेकवून, पाढे म्हणावेत तसं.

लेइडा पिहलाकला खटका दिसत नाही.
तिच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आहे
आणि जग त्याच्या कडेकडेनं उभं.
म्हणून माझ्याशी बोलताना
ती माझ्या कानाकडे बघते.

"मोबाइलनं पैसे द्यायचेत का?"
"पैसे मला बोटांनी मोजता येतात, त्रीन.
गोळ्या नाही येत. सगळ्या सारख्याच गोल."

मग मी ड्रॉवरमधून चकत्या काढल्या.
नाण्याएवढ्या, कागदाहून जरा जाड,
आत केसासारखी तार, गोल गोल गुंडाळलेली.
बॅटरी नाही.
कुणी अगदी जवळ आलं
की त्याच्याच विजेवर ही जागी होते,
एखादं वाक्य सांगते
आणि पुन्हा निजते.

"असल्या दोघी होत्या आमच्या एक्स्चेंजमध्ये,"
लेइडा म्हणाली.
एकतीस वर्षं तिनं लोकांना लोकांशी जोडलं होतं,
दोरीचं एक टोक या भोकात, दुसरं त्या.

रविवारी तिच्या स्वयंपाकघरात बसलो.
फोनचं जाड कव्हर काढलं. त्याचा कान कुठे आहे
ते तिनंच शोधलं, पाठीवरून बोट फिरवत,
कॅमेऱ्याच्या खाली, डावीकडे किंचित.
"किती जवळ न्यायचा?"
"चार सेंटिमीटर. टेकवायची गरज नाही."
तिनं तरी टेकवलाच.

चकतीत मावतं थोडंच, तारेसारखं लिहावं लागतं.
सकाळची. पाण्यासोबत.
रात्रीची. अर्धीच.
शहाजिरं.
क्रॅनबेरी, गेल्या वर्षीची, आधी वास घे.
यंत्राचा आवाज हे सगळं
हवामानाच्या बातम्यांसारखं वाचत गेला.

एकच डबा बोलेना.
बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर जहाज.
"पत्रा लाटा गिळतो," मी म्हटलं,
"उद्या दुकानातून काळी पट्टी आणते, मध्ये लावली की झालं."
ती डब्यावर तळहात ठेवून बसली होती.
"राहू दे. सगळ्यांनीच बोललं पाहिजे असं कुठाय."
आत काय होतं, मी विचारलं नाही.
हलवला तेव्हा कागद सरकल्यासारखं वाजलं.

शेवटची चकती दाराच्या चौकटीवर, घंटीखाली.
मजकूर तिनं स्वतः बोलून घातला,
मला पाठ फिरवायला लावून.
मग विचारलं, "हे पक्कं कसं करायचं?"
कुलूप लावता येतं, मी सांगितलं,
पण एकदा लावलं की लावलं,
एक अक्षरही बदलत नाही, मीसुद्धा बदलू शकत नाही.
"लाव."
जाताना मी फोन धरला:
लेइडा आत आहे. हळू चालते. थांबा.

"आणि तू बाहेर गेलीस तर?"
"तर काढून खिशात घालीन."

मला वाटलं, थट्टा करतेय.

मार्चमधल्या शनिवारी बाजारात,
धुरावलेल्या माशांच्या रांगेत,
माझ्यापुढे चार माणसं, त्यांच्यापुढे ती.
बंदरावरून वारा येत होता, सगळ्यांनाच घाई.
मासेवाल्यानं यंत्र पुढे केलं,
तिनं फोन त्यावर ठेवला, चांगला दाबून,
टिंग झालं,
फोन तिनं तसाच कोटाच्या खिशात सोडला

आणि खिसा मोठ्यानं बोलला:
लेइडा आत आहे. हळू चालते. थांबा.

मासेवाल्याच्या हातात पुडकं तसंच राहिलं.
मागच्या बाईनं ट्रॉली दोन पावलं मागे घेतली.
लेइडानं पुडकं चाचपून घेतलं,
पिशवीत आडवं ठेवलं, मग उभं केलं, मग परत आडवं.
रांग थांबली होती.
मी हाक मारणार होते,
पण ती वळली आणि नेमकी
माझ्या कानाकडे बघून हसली.