सुतकाचं कापड

लिहा, कारकूनदादा. नाव ओक्दान, बाप्तिस्म्याचं आगाथा.
वय सत्तरच्या पुढे, नक्की कुणी मोजलंय.
राजधानीहून एवढा डोंगर चढून तुम्ही आलात
चमत्कार टिपायला.
माझ्याकडे कापडाचं माप आहे.

तागाचं, कोरं, न धुतलेलं. बारा हात.
आमच्याकडे बाप गेला की मुलगा हे अंगावर घालतो
आणि डोक्यावर बांबूची टोपी, टोपलीएवढी,
हनुवटीपर्यंत चेहरा आत.
शिवाय दोन काड्यांना ताणलेला पडदा, तोंडासमोर धरायला.
सुतक्याशी कुणी बोलत नाही.
निळ्या डोळ्यांच्या माणसाला लपायला
याहून चांगली गुहा कोरियात नव्हती.

फादर कोरान्तँ. आम्ही नुसतं 'को' म्हणायचो.
को म्हणजे आमच्या भाषेत नाक,
आणि पोरं हसायची, कारण ते होतंच तेवढं.
खांदे रुंद, माझं माप दोनदा चुकलं.
टाके घालताना विचारलं, सुतक कुणाचं म्हणून सांगायचं?
म्हणाला, वडलांचं.
मग घाईघाईने: जिवंत आहेत हं, समुद्राकाठी जाळी विणतात.
बाही चढवताना त्याचे हात थरथरले.
हेही लिहा.

आम्ही रांजण घडवणारे. आमचा धर्म पायी फिरायचा:
पाठीवर रांजण, रांजणात प्रार्थनेचं पुस्तक,
पुस्तकावर आंबवलेला मुळा.
शिपायाने झाकण उचललं की वासाने तोच मागे सरायचा.
कोलाही तो वास सोसवेना सुरुवातीला.
दुसऱ्या वर्षी बोटाने रांजण निपटून खायला लागला.
घोरायचा फार.

तिसऱ्या हिवाळ्यात पत्र आलं
सीमेपलीकडून, जोड्याच्या तळव्यात शिवलेलं.
वडील गेले.
तारीख पाहून तो बोटांवर मोजत बसला.
मी त्याचं दुसऱ्यांदा माप घेत होते
तेव्हा ते गेलेले होते.
आमच्याकडे बापाचं सुतक तीन वर्षांचं.
म्हणजे पाळून झालं होतं, त्याला न कळता.
'मग मी खोटं बोललो नव्हतो,' एवढंच म्हणाला,
आणि रात्रभर भट्टीपाशी बसून राहिला,
लाकडं सारत, गरज नसताना.
सकाळी तेच कापड पुन्हा अंगावर घातलं.

वसंतात आमच्या वस्तीतले पाच जण धरले.
को आपणहून खाली गेला.
शूर होता असं लिहू नका, तुम्ही सगळ्यांचं तेच लिहिता.
उतारावर दोनदा मटकन बसला. पाणी मागितलं.
मग टोपी काढून माझ्याकडे दिली,
पावसाळ्यात कामाला येईल म्हणाला.
तीन वर्षांत पहिल्यांदा ऊन त्याच्या तोंडावर पडलं.
नाक लालबुंद झालं. पोरं हसली नाहीत.

नदीच्या वाळूत काय झालं ते मी पाहिलेलं नाही.
पाहिलं असं सांगणाऱ्या बायका खालच्या गावात आहेत.

त्या पाचांत माझा नवरा मान्सू होता.
'ओळखत नाही' म्हणाला आणि घरी आला.
तुमच्या वहीत त्याला ओळ नाही, माहीत आहे मला.
पण मरेपर्यंत, तीस-बत्तीस वर्षं,
प्रत्येक रांजणाच्या तळाशी, आतून,
जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही,
ओल्या मातीत त्याने अंगठा दाबला.
एकदा उभा. एकदा आडवा.
कुठकुठल्या स्वयंपाकघरांत ते असतील, जाऊन मोजा.

कोचं सुतक आम्हाला पाळता आलं नाही.
कुणाचं, म्हणून विचारलं असतं.
मी पेटीतला लाल परकर काढून नेसले,
बाजारात भाव करताना मोठ्याने हसले.
घसा दुखला त्या दिवशी.

कापड दीड हात उरलं होतं.
ते या सोयाच्या रांजणाच्या तोंडाला बांधलंय,
ताग टिकतो, माश्याही बसत नाहीत.
झालं लिहून? शाई वाळू द्या.
आणि जरा बाजूला सरा, दादा,
ऊन आलंय,
मला झाकणं उघडायचीत.