टिनाखालचं टेबल

बावीस वर्षं एम.वाय.च्या वॉर्डात रात्रपाळ्या.
आता इंदूरच्या जिल्हा कोर्टात, टिनाखाली,
टायपिस्ट खंडेलवालच्या टेबलाचा
अर्धा कोपरा माझा.
महिना आठशे भाडं.

काळा कोट दुपारी तापतो.
पांढऱ्याची सवय अजून गेलेली नाही,
बाहीवर शाई दिसली
की आधी पाण्याचा नळ शोधते.

पहिलं अशील जमनाबाई. वॉर्डातलीच आया,
पेन्शन अडलेली.
वकालतनाम्यावर अंगठा टेकवताना
तिचा हात थरथरला
आणि मी मनगट धरून
चक्क ठोके मोजत बसले.

एकशे चार.

"सिस्टर," ती म्हणाली, "तारीख कधीची?"
मग डायरी उघडली.

फी म्हणून तिनं गराडू आणलेत,
माती न झाडलेले.
खंडेलवाल विचारतोय,
पावतीवर काय लिहू?