दुहेरी आळं

प्रयोगशाळेत माती येते कापडी पिशवीतून,
सोबत चिठ्ठी : गट क्रमांक, खोली, तारीख.
पंचफुलाबाई रेवतकरांची आली
लुगड्याच्या धडप्यात गाठ मारून,
चिठ्ठीच्या जागी संत्र्याचं एक पिवळं पान.

काटोलहून एसटी, पुढे महाराजबागेपर्यंत पायी,
आणि थेट माझ्या टेबलावर :
"पयले वास घेऊन पाहा."
मी घेतला. कुजकट, थोडा गोडसर.
आमच्या फॉर्मात वासाचा रकाना नाही.

माती पाण्यात ढवळली, निवू दिली,
वर तरंगत सोडल्या कागदी लिंबाच्या पानाच्या
पंचिंग मशीननं पाडलेल्या गोल टिकल्या.
हे आमिष.
मातीतला तो जीव पोहत येतो म्हणे, दोन शेपट्या हलवत,
आणि पानाची कड धरतो.
तीन दिवस लागतात.
बाहेर सत्तेचाळीस, इन्क्युबेटरात पंचवीस;
त्या आठवड्यात आमच्या विभागात
तिच्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी भिंगाखाली दिसल्या
लिंबाच्या पानाच्या कडेला
लिंबाच्याच आकाराच्या इवल्या पिशव्या, ठासून भरलेल्या.
मला आनंद झाला.
हे लिहून ठेवायला हवं.
आधी आनंद होतो,
झाडं कोणाची तरी आहेत हे नंतर आठवतं.

शिवारभेटीला कोहळे सरांनी प्रोजेक्टर नेला होता.
चौथ्या स्लाइडवर बत्ती गेली,
समाजमंदिरात अंधार, पत्र्याखाली चाळीस माणसं,
कोणीतरी पत्रकानं वारा घेत होतं.
पंचफुलाबाई उठल्या. "चाला वावरात."

वावरात खोडावर डिंक,
मधाच्या रंगाचा, मुंगळे अडकलेला.
त्यांनी विळ्याच्या टोकानं साल सरकवली,
ती आली भिजल्या पुठ्ठ्यासारखी.
मग मुळं उकरली, आणि कलमाचा जोड
जो जमिनीच्या वर वीतभर हवा,
तो सापडला गाळाच्या खाली.

"हे तुमीच सांगतलं होतं,"
असं त्या म्हणाल्या नाहीत.
दुधाच्या पिशवीतून त्यांनी काढला
घडीवर फाटलेला एक कागद.
शिक्का आमचाच.
'खोडाभोवती आळे करून ते पाण्याने पूर्ण भरावे.'
"मामंजीनं आनला होता मेळाव्यातून.
एकोनतीस वर्सं याच्याच परमानं पानी देल्लं."
कागदावर तारीख नव्हती.

कोहळे सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मी फावडं मागितलं,
दुसरं काही सुचेना म्हणून.
खोडाजवळचं एक आळं कोरडं ठेवायचं,
बाहेर दुसरं, पाणी फक्त त्यात.
बोलायला अर्धं मिनिट लागतं.
खणायला, त्या काळ्या चिवट मातीत,
एका झाडाला पाऊण तास, आणि माझ्या हाताला तीन फोड.
बाईंच्या सुनेनं मोरचूद भिजवलं, चुना कालवला,
निळा मलम खोडाला लावला कुंचल्यानं,
वर्गात मी शिकवते त्याहून सारखा.

सहा झाडं गेलेलीच होती. तसं सांगितलं.
"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या,
"मी तं बाकीच्याइसाठी आली होती."
आणि निघताना, जीपच्या खिडकीशी :
"नवा कागद असन तं द्या, बाई.
पन आता त्याच्यावर तारीख टाका."

टाकली. पहिल्याच ओळीत, मोठ्या टाइपात.
खाली लिहिलं, 'आजवर कळले ते असे.'
मुद्रणालयातून फोन : हे वाक्य चुकून राहिलंय का?
नाही म्हटलं. राहू द्या.

पिवळं पान टिपकागदात दाबून ठेवलंय,
त्याला नमुना क्रमांक मात्र दिला नाही.
फॉर्मात वासाचा रकाना घालावा म्हणून अर्ज केलाय,
तो समितीकडे आहे.
तोवर मी पेनानं एक रेघ ओढते समासात.

आज कळमेश्वरहून एक पोरगा आला,
पिशवी नीट, चिठ्ठी नीट, अक्षर वळणदार.
म्हणाला, "मॅडम, रिपोर्ट कधी?"
मी म्हटलं, थांब जरा,
आणि पिशवीचं तोंड उघडून
नाक आत घातलं.