एकशेबारा जुना

सुदामा नगरात एकशेबारा नंबरची घरं तीन.
एक जुना, एक नवा,
आणि एक चुन्याने हाताने लिहिलेला,
ज्याच्या शेवटच्या आकड्यावर गाय रोज अंग घासते.

आमचा जुना.
आमच्याकडे जिरावन.

जिरावन म्हणजे कुत्रा. पोह्यांवर भुरभुरावं
तसा पांढऱ्या अंगावर तपकिरी शिडकावा, म्हणून नाव.
जात विचारू नका. छप्पन दुकानाच्या मागे सापडला,
कचोरी खाऊन झोपलेला.
खाकी रंगाशी त्याचं जुनं वैर आहे.
खाकी पँट, खाकी पिशवी; एकदा तर
खाकी पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यावर
अर्धा तास भुंकला.

पोस्टमन गेंदालाल सायकलवरून न उतरताच ओरडतो,
"भिया, पहले इसको बांधो!"
मी बाई आहे. पण इंदुरात ते चालतं.
बांधून येईस्तोवर सायकल कोपऱ्यावर.
एक पाकीट तर माझ्या दारातून भोपाळला परत गेलं.
शेरा 'घर बंद' नाही, 'पता अधूरा' नाही.
'कुत्ता खुला है.' खाली सही, तारीख.

विम्याचा हप्ता बुडाला.
भाचीच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं
तेव्हा बाळ बसायला लागलं होतं.
आणि न मागता मिळतं ते असं:
नव्या एकशेबाराचं विजेचं बिल,
गाईच्या एकशेबाराचं मधुमेहावरचं मासिक.
(वाचते मी. कारल्यावर बरंच असतं.)

पोस्टात तक्रारवही आहे,
सुतळीने बांधलेलं पेन आहे.
माझ्या अकरा तक्रारी, प्रत्येकीत अक्षर जरा मोठं.
बाबू वाचतो, म्हणतो,
"शेवडे मॅडम, लिखती बहुत सुंदर हो,"
आणि वही मिटतो.

मग पौषातला एक मंगळवार.
शाळेतून आले तर जिरावन पलंगाखाली,
शेपूट पोटाशी.
फाटकापासून ओसरीपर्यंत निळे तुकडे.
आंतर्देशीय पत्र! हल्ली कोण लिहितं?
पत्त्याचा कोपरा शाबूत:
श्रीमती इंदुमती बिडवई, ११२,
पुढचं जुना की नवा, ते त्याच्या पोटात.

जेवणाच्या टेबलावर जुळवत बसले.
जुळलं ते एवढंच.
'आईची तांब्याची घागर तुझ्याच'
'मी रागात होतो, तेव्हा'
'रविवारी स्टेशनवर. नाही आलीस तर मी समजेन की'
काय समजेल, ते ओलं, चिकट, चावलेलं.
कुठला रविवार, तेही.

दोन गल्ल्या फक्त. चपला घातल्या.
मग वाटलं, काय सांगू?
आमच्या कुत्र्याने तुमचा भाऊ
कुकरची शिट्टी झाली. चपला काढल्या.
(असं लिहिलं की दोष कुकरचा वाटतो.)

फाल्गुनात बारावी तक्रार लिहायला गेले.
माझ्या ओळीच्या अगदी वर
बारीक, थरथरतं, जपून काढलेलं अक्षर:
'भाई का पत्र मिळा नहीं. कृपया खोजिए.'
हिंदी सगळी, पण 'मिला'मध्ये ळ.
तो ळ मी ओळखला,
जसा परगावी आपल्या घरचा वरणाचा वास.

बाबू बघत होता. मागे रांग होती.
सुतळी ओढून पेन घेतलं
आणि बाराव्यांदा, पहिल्यांदाच लहान अक्षरात, लिहिलं:
'वरीलप्रमाणेच.'
सही केली.

तुकडे मासिकात आहेत, कारल्याच्या पानात.

काल संध्याकाळी फिरायला निघालो,
जिरावनने साखळी त्या गल्लीकडे ओढली.
मी घराकडे.
बराच वेळ दोघं तसेच, विजेच्या खांबाशी,
मधे ताणलेली साखळी.
मग त्याने खांबावर पाय वर केला,
आणि प्रश्न कालच्यापुरता मिटला.