पितृपक्षातली शोरूम

पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही.
सातारा रोडवरच्या आमच्या शोरूममध्ये
एसी चालू, दिवे चालू, गिऱ्हाईक शून्य.
बोकील सर केबिनमध्ये दसऱ्याचं टार्गेट मांडत बसलेले.
म्हणून तर वेळ होता मला
प्रज्योत घुलेशी बोलायला.

पहिल्यांदा आला तेव्हा किंमत विचारली नाही त्यानं.
लाल गाडीच्या टाकीवरून बोट फिरवलं नुसतं,
ठसा उमटला तो बाहीनं पुसला.
दुसऱ्यांदा बसला तिच्यावर.
सीटवरचं प्लास्टिक करकरलं
तसा उतरला लगेच, कुणी हटकल्यासारखा.
आज कागद घेऊन आलाय.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. खोली धायरीत, कॉलेज शिवाजीनगरला.
दोन बस. पहिली येते. दुसरी येते म्हणतात.
प्रॅक्टिकलला तीनदा उशीर, चौथ्यांदा दार बंद.
संध्याकाळी डबे पोचवायचं काम मिळतंय,
पण गाडी स्वतःची हवी.
"म्हणजे गाडीच गाडीचा हप्ता भरेल," म्हणाला,
इतक्या खात्रीनं, की मलाही क्षणभर दिसली ती
बँकेच्या रांगेत उभी, हातात पासबुक धरून.

मी आकडे मांडले. माझं कामच ते.
वीस हजार आधी.
मग चार हजार नव्वद, छत्तीस वेळा.
छत्तीस म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही.
डिग्री संपेल, खोली बदलेल,
आज ज्या मुलीला मागं बसवायचं मनात आहे
तिचं आडनावही कदाचित बदलेल,
लाल रंग उन्हानं विटेल,
आणि तरी सोळा उरलेले असतील.
हे मी बोलले नाही. याचा मला पगार मिळत नाही.

सह-अर्जदार : आई. अंगणवाडी सेविका, तालुका भूम.
रकाना सात : मासिक पगार.
"पगार नाही म्हणत त्याला," तो म्हणाला, "मानधन म्हणतात.
कधी तीन महिन्यांचं एकदम येतं."
आमच्या फॉर्मात मानाला रकाना नाही.
मी आकडा पेन्सिलीनं लिहिला.

त्यानं फोन लावला, स्पीकरवर.
मागं पोरं एक ते वीस म्हणत होती,
तेरावर अडखळून पुन्हा एकपासून.
ती एवढंच म्हणाली, "सही कुठं करायची ते सांग.
आन् हेल्मेट त्यातच येतं का येगळं?"

फोन ठेवून तो बराच वेळ
हेल्मेटांच्या कपाटाकडे बघत राहिला. मग,
"मॅडम, तुम्ही घेतली असती का?"

माझ्या भावाच्या गाडीचे सतरा हप्ते मी भरलेत.
वाईट काही झालं नाही. गाडी धडधाकट, भाऊही.
फक्त मी अजून बसनं येते,
आणि कात्रजच्या चौकात तो दिसला
तर हात करतो.

केबिनकडे पाहिलं. सर फोनवर होते.
"जुनी बघ," मी म्हटलं, "नाना पेठेत. तीस-पस्तीसला मिळेल.
मेकॅनिक घेऊन जा, एकटा जाऊ नकोस.
डबा काय, कुठल्याही रंगाच्या गाडीवर गारच होतो."
तो हसला. लाल गाडीकडे न बघता हसला.
फॉर्म टेबलावरच ठेवून गेला.

दसऱ्याला एक्केचाळीस गाड्या गेल्या.
एक्केचाळीस हार, एक्केचाळीस लिंबं चाकाखाली.
प्रत्येक पावतीवरचं नाव मी दोनदा वाचलं.
लाल पहिल्या तासातच गेली, कोंढव्याच्या कुणालातरी.

फॉर्म अजून खणात आहे.
कुठून काय घेतलं त्यानं, घेतलं की नाही, माहीत नाही.
परवा स्वारगेटला सिग्नलला बस थांबली,
खिडकीखाली एक जुनी काळी गाडी, मागं डब्यांची पिशवी,
पोराचं हेल्मेट मात्र कोरं करकरीत.
मी काचेवर टकटक केलं.
तेवढ्यात हिरवा लागला.